गुरूचे चार चंद्र कसे पाहावेत आणि कसे ओळखावेत

सूर्यमालेतील आठ ग्रहांपैकी बुध आणि शुक्र यांना एकही चंद्र नाही, पृथ्वीला एक आहे, मंगळाला दोन आहेत आणि तिथून पुढे मात्र आकडे झपाट्याने वाढत जातात. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना एकदमच मान्यता मिळाली आणि त्याची एकूण संख्या २७४ झाली. गुरूची संख्या शंभराच्या घरात आहे, युरेनसची तिसाच्या आसपास आहे, तर नेपच्यूनचे १६ उपग्रह आजवर नोंदले गेले आहेत. नव्याने सापडणारे बहुतेक उपग्रह जेमतेम काही किलोमीटर व्यासाचे असतात आणि मोठ्या वेधशाळांनाही ते मोठ्या कष्टाने टिपावे लागतात. त्यामुळे हे आकडे पाठ करण्यात फारसे हशील नाही, असे माझे मत आहे. पृथ्वीचा चंद्र सोडला, तर साध्या साधनांनी घराच्या गच्चीवरून खात्रीने दिसू शकतील असे चंद्र पाचच आहेत: गुरूचे चार आणि शनीचा टायटन. त्यांपैकी गुरूचे चार चंद्र स्वतः पाहून नावानिशी ओळखायला शिकल्यास ग्रहमालेविषयीची बरीचशी माहिती आपोआप जागेवर बसते, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या चौघांसाठी राखून ठेवला आहे.

कोणते साधन लागते

आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे चार चंद्र मुळात इतके तेजस्वी आहेत, की गुरूचा झगमगाट शेजारी नसता तर काळोख्या गावातून ते नुसत्या डोळ्यांनीही अंधूक दिसले असते. म्हणजे त्यांच्यासाठी फार मोठ्या साधनाची गरज नाही. गुरूपासून ते वेगळे दिसतील एवढे वर्धन आणि न हलणारी प्रतिमा मिळाली की काम भागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुर्बीण विकत घेण्याआधी ७×५० किंवा १०×५० या मापाची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यावी असे मी सुचवीन. या मापातील पहिला आकडा वर्धन किती पट होते ते सांगतो आणि दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. वीस किंवा तीस पट वर्धनाच्या द्विनेत्री मोहक वाटतात, परंतु हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढत असल्याने स्टँडशिवाय त्यांचा उपयोग होत नाही.

दुर्बीण घ्यायचीच असेल, तर तिच्या खोक्यावर छापलेल्या ‘५२५ पट’ अशा दाव्यांकडे साफ दुर्लक्ष करावे. दुर्बिणीचे वर्धन काढण्यासाठी मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किरण जिथे एकवटतात तिथपर्यंतचे अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागावे लागते. ७० मिलिमीटर व्यासाच्या आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावल्यास ३६ पट आणि १० मिलिमीटरचा लावल्यास ९० पट वर्धन मिळते. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर असेल त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेले, तर प्रतिमा फक्त मोठी आणि पुसट होते. गुरूच्या चंद्रांसाठी ३६ पट पुरेसे आहे. गुरूवरचे पट्टे पाहण्यासाठी ९० पट उत्तम ठरते. दुर्बीण कितीही चांगली असली, तरी तिचे तिकाटणे लेचेपेचे असेल तर फोकसच्या चाकाला हात लावताच ग्रह थरथरू लागतो, म्हणून दुकानात नळी न्याहाळण्याआधी तिकाटणे हलवून पाहावे.

आकाशात गुरू शोधणे

ग्रह हे आकाशात कुठेही दिसत नाहीत. सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून फिरतात त्याच पट्ट्यात, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या आसपास, ते आढळतात. या पट्ट्यात शुक्राखालोखाल ठळक, दुधाळ पांढरा आणि न लुकलुकता स्थिर प्रकाशणारा बिंदू दिसला तर तो बहुधा गुरू असतो. शुक्राशी गल्लत टाळण्यासाठी एक साधा नियम पुरतो: शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीही जात नसल्याने तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो. मध्यरात्री डोक्यावर तळपणारा ग्रह शुक्र असूच शकत नाही.

मराठी घरात भिंतीवर असलेले पंचांग किंवा दिनदर्शिका या कामी चांगली मदत करते, आणि तिचा असा उपयोग फारसा कुणी करत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. गुरू कोणत्या राशीत आहे हे त्यात दिलेले असते. पंचांगातील राशी निरयन पद्धतीच्या, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, असल्यामुळे आकाशातील त्याच नावाच्या तारकासमूहाशी त्या बऱ्याच अंशी जुळतात, सीमेलगत तेवढा फरक पडतो. ‘गुरूचा अस्त’ असा जो कालावधी विवाहमुहूर्तांसाठी टाळला जातो, तो काळ म्हणजे गुरू सूर्याच्या इतका जवळ असतो की तो दिसतच नाही; निरीक्षकानेही त्या आठवड्यांत दुर्बीण कपाटात ठेवावी हेच बरे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास ११.८६ वर्षे लागतात, त्यामुळे तो एका राशीत सुमारे वर्षभर राहतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०१५ नंतर २०२७ मध्ये येतो, त्यामागे हीच गती आहे.

गुरू, पृथ्वी आणि सूर्य यांच्या रेषेत पृथ्वी मध्ये येते तेव्हा गुरूची प्रतियुती होते. त्या सुमारास गुरू आपल्याला सर्वांत जवळ असतो, सूर्य मावळताच उगवतो आणि रात्रभर दिसतो. दोन प्रतियुतींमध्ये सुमारे १३ महिन्यांचे अंतर असते: १० जानेवारी २०२६ नंतरची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि त्यापुढची मार्च २०२८ मध्ये आहे. दर वेळी महिनाभराने पुढे सरकत ती २०३१ ते २०३३ या काळात जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये येईल, म्हणजे महाराष्ट्रात ऐन पावसाळ्यात. ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांनी त्याआधीची कोरड्या ऋतूतील वर्षे वाया घालवू नयेत.

गच्चीवरची तयारी

दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि त्यावरची हवा हलत असल्यामुळे ग्रहाची प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरते. म्हणून उन्हाळ्यात रात्री दहानंतर निरीक्षण करावे किंवा जवळपास मोकळी माती असेल तर साधन तिथे न्यावे. शेजारच्या इमारतीच्या अगदी माथ्यावरून जाणारा ग्रह पाहणे याच कारणासाठी टाळावे. दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. शहरातील दिव्यांची मात्र फार चिंता करू नये. तेजोमेघ पाहणाऱ्यांसाठी तो शाप असला, तरी ग्रहांना त्याने विशेष फरक पडत नाही.

द्विनेत्रीचे फोकस बहुतेक जण चुकीचे लावतात. प्रथम उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर झाकण ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याची प्रतिमा स्पष्ट करावी. मग झाकण डाव्या भिंगावर ठेवावे आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसभोवतीची कडी फिरवून उजव्या डोळ्याची प्रतिमा जुळवावी. गुरू शक्य तितका लहान आणि टोकदार किरणांविना दिसू लागला की फोकस बरोबर लागले असे समजावे.

कोपरे गच्चीच्या कठड्यावर टेकवून पाहिल्यास प्रतिमा बरीच स्थिर होते. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांत असल्यामुळे गुरू मिथुनेसारख्या उत्तरेकडच्या राशीत असतो तेव्हा मध्यावर येताना तो जवळजवळ थेट डोक्यावर पोहोचतो. अशा वेळी मान दुखवून घेण्याऐवजी सतरंजीवर उताणे पडावे, नाहीतर तो पूर्वेला किंवा पश्चिमेला निम्म्या उंचीवर असतानाची वेळ निवडावी. दुर्बिणीलाही डोक्यावरचा भाग अडचणीचा असतो. नळी तिकाटण्याच्या पायाला अडते. गुरूच्या तेजाने डोळे दिपत असतील तर पूर्ण अंधाराची वाट न पाहता सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आकाश गडद निळे असतानाच पाहावे, म्हणजे बिंब आणि शेजारचे चंद्र अधिक स्वच्छ वेगळे होतात.

एक सूचना मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. सूर्य क्षितिजाच्या वर असताना त्याच्या जवळपास द्विनेत्री किंवा दुर्बीण फिरवू नये, कारण डोळ्याला होणारी इजा क्षणात होते आणि ती भरून येत नाही. संध्याकाळी बुध किंवा शुक्र पाहायचा असेल तर सूर्य पूर्ण मावळल्याची खात्री करूनच साधन हाती घ्यावे.

पहिल्या रात्री काय दिसते

गुरू दृष्टिक्षेत्रात आला की त्याचे लहानसे बिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जवळपास एका सरळ रेषेत, दोन ते चार बारीक ठिपके दिसतात. गुरूचा आस त्याच्या कक्षेशी जेमतेम तीन अंशांनी कललेला आहे आणि हे चारही चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात. आपण त्या पातळीकडे जवळजवळ कडेने पाहत असल्यामुळे वर्तुळाकार कक्षा आपल्याला रेघेसारख्या दिसतात. ही रेघ गुरूवरच्या पट्ट्यांना समांतर असते. रेघेपासून बराच वर किंवा खाली दिसणारा ठिपका हा मागचा तारा असण्याची शक्यता अधिक. ठिपके चारच्या ऐवजी तीन दिसले तर साधनाला दोष देण्याची घाई करू नये, कारण चौथा चंद्र गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या सावलीत गेलेला असू शकतो.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी पडुआ येथून सुमारे वीस पट वर्धनाच्या दुर्बिणीने गुरूकडे पाहिले, तेव्हा त्यालाही तीनच ठिपके दिसले होते आणि ते तारे आहेत असे त्याने मानले. पुढच्या रात्री तिन्ही ठिपके गुरूच्या एकाच बाजूला आलेले पाहून त्याला शंका आली; १३ जानेवारीला चौथा दिसला. त्याने रात्रीमागून रात्री रेखाटने काढली आणि त्यांतून हे ठिपके गुरूभोवती फिरत असल्याचे सिद्ध झाले. सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला बसलेला हा मोठा धक्का होता. आपणही नेमके तेच करायचे आहे.

वही कशी ठेवावी

एका ओळीच्या मध्यभागी लहान वर्तुळ काढावे आणि गुरूच्या व्यासाचे माप मनात धरून प्रत्येक ठिपका किती व्यास लांब आहे त्या अंदाजाने टिंब द्यावे. अधिक तेजस्वी ठिपक्यासाठी मोठे टिंब काढावे. तारीख, वेळ आणि वापरलेले साधन शेजारी लिहावे. वेळ लिहायची राहिली तर त्या रेखाटनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

पूर्व-पश्चिम ठरवण्यात नवशिक्यांचा गोंधळ उडतो. द्विनेत्रीत प्रतिमा सुलटी असते, पण न्यूटन पद्धतीच्या, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत ती पूर्ण उलटते आणि भिंगाच्या दुर्बिणीला कोनी आरसा लावला असेल तर वर-खाली बरोबर राहून डावे-उजवे बदलते. यावर खात्रीचा उपाय असा, की दुर्बीण मुळीच न हलवता गुरूला दृष्टिक्षेत्रातून सरकू द्यावे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ९० पट वर्धनात तो दोनेक मिनिटांत एका कडेने बाहेर जातो. ज्या कडेने तो बाहेर जातो ती पश्चिम. रेखाटनाच्या त्या टोकाला ‘प’ लिहून टाकावे.

चौघांना ओळखणे

प्रत्येक चंद्र गुरूपासून ठरावीक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही, हा ओळखण्याचा मुख्य आधार आहे. गुरूच्या मध्यापासून मोजल्यास आयो जास्तीत जास्त सुमारे ३ व्यास दूर दिसतो, युरोपा ४.७ व्यास, गॅनिमीड ७.५ व्यास आणि कॅलिस्टो १३ व्यास. म्हणजे आठ व्यासांपेक्षा लांब दिसणारा चंद्र निःसंशय कॅलिस्टो असतो. पाच ते साडेसात व्यासांच्या दरम्यान असलेला चंद्र गॅनिमीड किंवा कॅलिस्टो यांपैकी एक असतो आणि त्यांतला निवाडा तेजावरून करता येतो, कारण गॅनिमीड चौघांत सर्वांत तेजस्वी आणि कॅलिस्टो सर्वांत मंद आहे. याहून जवळ असलेल्या ठिपक्यांबाबत मात्र एका रात्रीत निर्णय देऊ नये.

दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा पाहावे. आयो १.७७ दिवसांत, म्हणजे साडेबेचाळीस तासांत, एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे आज तो पूर्वेला टोकाशी असेल तर उद्या याच वेळी पश्चिमेला असेल आणि परवा जवळपास पुन्हा पूर्वेला येईल. युरोपाला ३.५५ दिवस लागतात, म्हणून आज टोकाशी असलेला युरोपा उद्या गुरूला खेटून आणि परवा विरुद्ध बाजूला आढळतो. गॅनिमीडची फेरी ७.१५ दिवसांची असल्याने आठवड्यानंतर त्याच वाराला तो जवळपास त्याच जागी सापडतो. कॅलिस्टो १६.६९ दिवस घेतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याला आठवडाभराहून अधिक काळ लागतो. दहा-बारा रात्रींची रेखाटने एकाखाली एक आली की चार वेगवेगळ्या लाटा वहीत स्पष्ट उमटतात. संगणकावरील स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीत कोणता चंद्र कुठे आहे ते एका क्षणात कळते हे खरे, पण ती रेखाटन झाल्यावर पडताळण्यासाठी उघडावी. आधी उघडली तर डोळा पडद्यावर पाहिलेलेच आकाशात पाहू लागतो.

आयोची हालचाल तर त्याच रात्री लक्षात येते. तो तासाला सुमारे ६२,००० किलोमीटर जातो आणि गुरूचा विषुववृत्तीय व्यास १,४३,००० किलोमीटर आहे, म्हणून गुरूच्या जवळ असताना तो तासाभरात बिंबाच्या निम्म्याहून किंचित कमी अंतर सरकतो. आठ वाजता बिंबापासून स्पष्ट वेगळा असलेला ठिपका साडेनऊला बिंबाला चिकटतो आणि थोड्या वेळाने दिसेनासा होतो, हे सलग पाहण्यासारखे आहे. गुरूच्या पुढून जाणारा चंद्र पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो आणि मागून जाणारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, एवढे ध्यानात ठेवले की दिसेनासा झालेला चंद्र अधिक्रमणासाठी पुढे गेला की पिधान होऊन मागे गेला हे सांगता येते. कधीकधी बिंबापासून दूर असतानाच एखादा चंद्र मिनिटा-दोन मिनिटांत मावळत जातो; तो गुरूच्या सावलीत शिरलेला असतो. प्रतियुतीपूर्वी ही सावली गुरूच्या पश्चिमेला पडते आणि प्रतियुतीनंतर पूर्वेला. अशा घटनांच्या वेळा जागतिक वेळेत दिलेल्या असतील तर त्यांत साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ काढावी आणि त्यात तारीख बदलत नाही ना, हेही पाहावे.

आयोच्या याच ग्रहणांनी प्रकाशाचा वेग मर्यादित असल्याचे दाखवून दिले. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा आणि जवळ येत असताना लवकर होतात, याचे कारण प्रकाशाला कमी-अधिक अंतर कापावे लागते, असे ओल रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये पॅरिस येथे मांडले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता. आजच्या मोजमापाप्रमाणे हा काळ सुमारे १६ मिनिटे ४० सेकंदांचा आहे.

वहीतून गुरूचे वजन

ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी प्रत्येक चंद्राच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग काढून त्याला अंतराच्या घनाने भागावे. काळ दिवसांत आणि अंतर गुरूच्या व्यासांत धरल्यास आयोसाठी ३.१३ भागिले २५.७, म्हणजे ०.१२२ येते. कॅलिस्टोसाठी २७८.६ भागिले २,२८४, म्हणजे पुन्हा ०.१२२ येते. युरोपा आणि गॅनिमीडचाही आकडा तोच निघतो. केपलरचा तिसरा नियम तो हाच. आता पृथ्वीच्या चंद्राचे ३,८४,४०० किलोमीटर हे अंतर गुरूच्या व्यासांत मांडावे. ते २.६९ भरते, आणि २७.३ दिवसांचा वर्ग त्याच्या घनाने भागल्यास सुमारे ३८.४ मिळते. या ३८.४ ला ०.१२२ ने भागले की ३१५ येते आणि गुरू पृथ्वीपेक्षा किती पट जड आहे त्याचे उत्तर मिळते. पुस्तकांत छापलेला आकडा ३१८ आहे. द्विनेत्री, पेन्सिल आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर तीन आकडे जवळपास बरोबर येतात, हे मला आजही विशेष वाटते.

ठिपक्यांमागची चार जगे

दुर्बिणीत ठिपक्यापलीकडे काही दिसत नसले, तरी आपण काय पाहत आहोत हे ठाऊक असावे. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर असून तो बुधाहून (४,८७९ किलोमीटर) मोठा आहे आणि सूर्यमालेतील सर्वांत मोठा चंद्र आहे. त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. कॅलिस्टो ४,८२१ किलोमीटरचा आहे आणि त्याचा पृष्ठभाग अतिप्राचीन विवरांनी भरलेला आहे. आयो (३,६४३ किलोमीटर) आपल्या चंद्रापेक्षा जरासा मोठा, तर युरोपा (३,१२२ किलोमीटर) जरासा लहान आहे.

आयोचा प्रकार सर्वांत विलक्षण आहे. गॅनिमीड एक फेरी घालतो तेवढ्या वेळात युरोपा दोन आणि आयो चार फेऱ्या घालतो, आणि ही सांगड पक्की असल्यामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही. गुरूच्या प्रचंड ओढीने तो फेरीगणिक ताणला आणि दाबला जातो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि ज्वालामुखी उसळतात. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने पाठवलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो या अभियंतीला आयोच्या कडेवर उठलेला धुरळा दिसला आणि पृथ्वीबाहेरचा जिवंत ज्वालामुखी प्रथमच सापडला. हीच ओढाताण युरोपालाही आतून ऊब देते. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असावा असे पुरावे आहेत. त्याची तपासणी करण्यासाठी नासाचे युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस हे यान एप्रिल २०२३ मध्येच निघालेले आहे आणि त्याचा अंतिम मुक्काम गॅनिमीडभोवती असेल.

शनी आणि टायटन

शनीसाठी दुर्बीण लागतेच. तीसेक पट वर्धनात त्याची कडी दिसू लागतात. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला अगदी कडेने दिसत होती आणि तेव्हापासून वर्षागणिक पुन्हा उघडत चालली आहेत. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे व त्यानंतर ती दर वर्षी सुमारे दोन आठवड्यांनी पुढे सरकते, म्हणजे पुढील काही वर्षे पावसाळा सरल्यानंतरचे दिवाळीच्या आसपासचे महिने त्याच्यासाठी उत्तम आहेत. शनीची सूर्यप्रदक्षिणा २९.५ वर्षांची असल्याने तो एका राशीत अडीच वर्षे काढतो. साडेसातीतील साडेसात वर्षे म्हणजे तीन राशींचा हाच हिशेब. त्यापलीकडच्या भीतीला आकाशात काही आधार मिळत नाही.

टायटन शोधताना कड्यांच्या संपूर्ण रुंदीचे माप धरावे. शनीच्या मध्यापासून तो जास्तीत जास्त अशा साडेचार रुंदी दूर जातो आणि सुमारे १६ दिवसांत फेरी पूर्ण करतो, त्यामुळे चार-चार दिवसांच्या अंतराने पाहिल्यास त्याची जागा स्पष्टपणे बदललेली दिसते. क्रिस्तियान हायगेन्सने तो मार्च १६५५ मध्ये शोधला आणि त्याचेच नाव दिलेले यान १४ जानेवारी २००५ रोजी त्याच्यावर उतरले. दाट वातावरण असलेला हा एकमेव चंद्र आहे. त्यात मुख्यतः नायट्रोजन आहे आणि पृष्ठभागावर द्रवरूप मिथेनची सरोवरे आहेत. सहा इंची दुर्बीण असल्यास आयापेटस हा चंद्रही पाहावा. त्याची एक बाजू बर्फासारखी उजळ आणि दुसरी कोळशासारखी काळी असल्यामुळे तो शनीच्या पश्चिमेला असताना सहज दिसतो आणि पूर्वेला गेला की फार मंद होतो. त्याची फेरी ७९ दिवसांची आहे, त्यामुळे या लपंडावासाठी धीर हवा.

उरलेले ग्रह

शुक्राला चंद्र नसला तरी चंद्रासारख्या कला आहेत, आणि तो पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा त्याची कोर द्विनेत्रीतही दिसते. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नसल्याने तो संधिप्रकाशातच गाठावा लागतो. मंगळाचे फोबोस आणि डायमोस हे चंद्र आसाफ हॉलने १८७७ मध्ये वॉशिंग्टन येथून शोधले. लहान दुर्बिणीत ते दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे लागू नये. फोबोस मात्र मजेशीर आहे. तो ७ तास ३९ मिनिटांत फेरी घालतो, म्हणजे मंगळाच्या स्वतःच्या गिरकीपेक्षाही वेगाने, आणि म्हणून मंगळावरून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसतो.

युरेनस द्विनेत्रीत ताऱ्यासारखा दिसतो. विल्यम हर्शेलने तो १३ मार्च १७८१ रोजी शोधला. त्याचे चंद्र आणि नेपच्यूनचा ट्रायटन हे मोठ्या दुर्बिणीचे काम आहे. नेपच्यून २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेतून, ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या गणितावरून शोधला गेला, परंतु तो त्याआधी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ एका वहीत पडून होता. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गुरूचे चंद्र रेखाटताना गॅलिलिओने जवळच एक तारा मांडला होता, आणि जानेवारीच्या अखेरीस तो शेजारच्या ताऱ्याच्या मानाने सरकल्यासारखा वाटतो असेही लिहून ठेवले होते. तो नेपच्यून होता हे १९८० मध्ये ती रेखाटने तपासताना लक्षात आले. म्हणून गुरूच्या रेघेबाहेरचे, मागचे म्हणून सोडून द्यावेसे वाटणारे तारेही वहीत त्यांच्या जागी मांडावेत आणि पुढच्या रात्री तेही तिथेच आहेत का ते पाहावे.